मुनीमच्या वाटची खीर

नाक मुरडू नका. मी कुत्र्याची परात आहे हे खरं, पण आर्वीतल्या या घरात माझ्याइतकं काम दुसऱ्या कुठल्या भांड्याला नाही आणि माझ्याइतका मानही नाही. पाहुणे आले की फडताळातून स्टीलची ताटं निघतात, काचेचे पेले निघतात, आणि पाहुणे गेले की पुन्हा आत जाऊन अंधारात बसतात. मी मात्र बारा महिने मागच्या अंगणात, हातपंपाजवळ, उघड्यावर असते. ऊन खाते, वारा खाते आणि दोन्ही वेळा भरते. जर्मनची, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमची आहे, पोचे पडलेत, पण भोक एक नाही. तेवढं लक्षात ठेवा.

माझं मूळ दुकान हिंगणघाटचं. शकुंतलाबाईंचं माहेर तिकडचं. दिवाळीला माहेरी गेल्या की एखादं भांडं घेतल्याशिवाय त्यांचा पाय आर्वीकडे वळायचा नाही. दुकानदाराने मला बोटावर तोलून टण्णकन वाजवलं आणि म्हणाला, "आवाज पाहा, बाई!" त्या म्हणाल्या, "आवाजाच्या पोळ्या करू काय मी?" आणि घासाघीस करकरून मला घेऊनच निघाल्या. मला तेव्हाच कळलं की ही बाई बोलायला कडक आहे, पण घ्यायचं ते घेतल्याशिवाय राहत नाही.

पुढे कितीतरी वर्षं मी त्यांच्या स्वयंपाकघरात कणीक खाल्ली. मजेत होते. मग त्यांच्या योगेंद्रला शिंगं फुटली. माझ्यात बसून ओसरीच्या उतारावरून घसरायचं, हा त्या कार्ट्याचा खेळ. माझं बूड गोल झालं. कणीक मळायला घेतली की मी गरागरा फिरायची आणि शकुंतलाबाईंची चिडचिड व्हायची. शेवटी मी वाळवणाला गेले, तिथून सरकी भिजवायला गेले आणि तिथून मागच्या अंगणात आले. दुसरी एखादी असती तर रडली असती. मी नाही रडले. माणसांच्या पंगतीत भांडी ढीगभर असतात. इथे मी एकटीच, आणि माझ्यावर जेवणारा एकच, मुनीम.

मुनीमबद्दल सांगायलाच हवं. शकुंतलाबाईंचे यजमान नानाजी यांचं बाजारात किराण्याचं दुकान होतं. एकदा सोयाबीनच्या पोत्यांच्या गाडीतून एक मळकट, तपकिरी पिल्लू उतरलं आणि थेट नानाजींच्या गादीजवळ येऊन बसलं. गल्ल्याकडे तोंड, मान खाली, चेहरा एकदम गंभीर. नानाजी म्हणाले, "घ्या! बिनपगारी मुनीम आला." तेच नाव पडलं. सकाळी नानाजींबरोबर दुकानात जायचं, दुपारी परत यायचं, माझ्यावर जेवायचं, पुन्हा दुकान. गिऱ्हाईक उधारी मागायला लागलं की मुनीम जांभई द्यायचा, असं सगळी आर्वी सांगते. आता त्यात खरं किती, ते मला विचारू नका, मी दुकानात कधी गेले नाही.

नानाजी माणूस दिलदार, पण एका गोष्टीत पक्के चिक्कू. मनुका! बंडीच्या खिशात मनुकांची पितळी डबी असायची. येता-जाता चिमूट तोंडात. लेकाला द्यायचे नाहीत, बायकोला द्यायचे नाहीत, मुनीमने मांडीवर पंजा ठेवला तर त्याच्याकडे पाठ करून खायचे. "तुह्यी भाकर तिकडे अंगनात हाये," म्हणायचे, "हे माह्या हिश्शाचं हाये." मुनीम बिचारा जमिनीवर सांडलेलं हुंगत बसायचा. सांडायचंही काही नाही.

मग नानाजींना साखरेचा आजार झाला. डॉक्टरांनी गोड बंद केलं. नानाजींनी सगळं सोडलं, मनुका काही सुटेना. शेवटी शकुंतलाबाईंनी एके दिवशी बंडीच्या खिशातून डबी काढून घेतली आणि कपाटात कुलूप लावून ठेवली. नानाजी लहान मुलासारखे रुसले. अंगणात येऊन मुनीमजवळ बसले आणि मला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाले, "पाह्य रे, तुह्यी मालकीन मले उपाशी मारून राह्यली." त्यानंतर थोड्याच दिवसांनी ते गेले. हृदय थांबलं. साखरेचा, मनुकांचा, कशाचाच संबंध नव्हता. पण शकुंतलाबाईंच्या मनात ते जे बसलं ते बसलंच.

वर्ष उलटलं. पित्तरपाट्यात, म्हणजे पितृपक्षात, नानाजींची तिथी आली. घरात सकाळपासून नुसती धांदल. सून रक्षा उडदाचे वडे तळत होती, कढी उकळत होती, कोहळ्याची भाजी झाली होती. आणि खीर मात्र शकुंतलाबाईंनी स्वतः केली. तिच्यात मनुका किती घातल्या? तांदूळ शोधावा लागत होता, इतक्या. ढवळताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं.

कावळ्यासाठी पान वाढून गच्चीवर ठेवलं. सगळे खाली अंगणात माना वर करून उभे. कावळा येईना. योगेंद्रने 'काव काव' करून घसा बसवून घेतला. एक कावळा तारेवर आला, बघितलं, उडून गेला. शेजारच्या तानाबाई पित्तराला जेवायला आल्या होत्या. त्यांना गप्प बसणं माहीत नाही.

"वहिनी," त्या म्हणाल्या, "कावळा शिवून नाई राह्यला. नानाजीचं मन कशात तरी अडकून हाये."

शकुंतलाबाईंचा चेहरा उतरला. "मले मालूम हाये कशात अडकलं ते," त्या हळूच म्हणाल्या. "मीच हातातून काढून घेतलं होतं."

"मंग मुनीमले द्या ना! कुत्र्याचा घास त निघतेच पित्तराले. आन नानाजीचा किती जीव होता त्याच्यावर! त्यानं खाल्लं म्हंजे त्याइनंच खाल्लं."

झालं. शकुंतलाबाईंनी मला घासून लख्ख केलं. गेल्या कित्येक वर्षांत त्यांचा हात मला लागला नव्हता, मुनीमला वाढायचं काम रक्षाचं. आज त्यांनी माझ्यात वाडगाभर खीर ओतली आणि हात जोडले. मुनीम आला. वर्षभर तो नीट जेवत नव्हता, दोन घास खाऊन दुकानाच्या दिशेनं बघत बसायचा. पण त्या दिवशी खिरीत तोंड घातलं ते बाहेर काढेचना.

"पाह्य, पाह्य कसा खाते!" तानाबाई ओरडल्या. "नानाजीच जेवून राह्यले व माय!"

सगळे रडायला लागले. योगेंद्रला तर राहवेना. तो दुकानात धावला आणि मनुकांची बरणीच घेऊन आला. मूठ भरून ओतली, पुन्हा मूठ भरून ओतली. शकुंतलाबाई म्हणाल्या, "दे रे, दे, पोटभर खाऊ दे. आज कोनी हात धरनार नाई त्याइचा." मुनीमने काठाला चिकटलेलं तेवढं सोडून सगळं खाल्लं. खरं सांगते, मीही खूश होते. इतकं मन लावून कुणी माझ्यात जेवलं की आणखी काय पाहिजे मला?

माणसं जेवली, त्यांची भांडी घासून झाली, आणि मुनीमला उलटी झाली. मग दुसरी. मग तो हातपंपाच्या ओल्या सिमेंटवर पोट टेकून पडला आणि हाक मारली तरी शेपूट हलवेना.

"जास्त झालं असन," योगेंद्र म्हणाला. "गवत खाईन आन ठीक होईन."

"आई, त्याले दवाखान्यात नेऊ," रक्षा म्हणाली.

"दवाखान्यात कायले?" शकुंतलाबाई भडकल्या. "पित्तराच्या नैवेद्यानं कोनी आजारी पडते काय? नजर लागली त्याले."

तानाबाई एव्हाना घरी जाऊन औषध घेऊन आल्या होत्या. औषध म्हणजे काय, तर ठेचलेला लसूण आणि तूप. "पोटात गेला की उलटी बंद! आमच्या वासराले हेच देल्लं होतं." तो गोळा माझ्यात ठेवला. मुनीमने हुंगलं आणि तोंड फिरवलं. शाबास रे पठ्ठ्या! त्यानं तो खाल्ला असता तर दुखण्यात आणखी एका विषाची भर पडली असती, हे मला नंतर कळलं.

तिसरी उलटी झाली तेव्हा रक्षा उठली. ही मुलगी एरवी सासूच्या शब्दाबाहेर नसते. पण तिनं पदर खोचला, मुनीमला पोत्यावर घेतलं आणि नवऱ्याला म्हणाली, "तुमी गाडी काढता का मी ऑटो पाहू?" योगेंद्रने दुकानाचा टेम्पो, तो छोटा हत्ती, काढला. मागच्या हौद्यात रक्षा, मुनीम आणि मी. त्याला पुन्हा उमळून आलं तर खाली धरायला तिनं मला उचललं होतं. घाईत मला धुवायला कुणाला वेळ नव्हता, आणि बरं झालं नव्हता. पुढच्या सीटवर शकुंतलाबाई येऊन बसल्या. कुणी बोलावलं नव्हतं त्यांना.

जनावरांच्या दवाखान्यात एक बैल होता, दोन-तीन शेळ्या होत्या. डॉक्टर तरुण होते. मुनीमला टेबलावर घेतलं, हिरड्या बघितल्या, पोट दाबलं.

"काय खाल्लं यानं?"

योगेंद्रने आईकडे पाहिलं आणि म्हणाला, "काईच नाई, साहेब. घरचंच. रोजचंच."

रक्षानं तोंड उघडलं होतं, पण सासूकडे बघून पुन्हा मिटलं. मला इतका राग आला! अरे, जीव टेबलावर पडलाय आणि तुम्हाला लाज कसली वाटते? पण त्यांचंही बरोबर होतं त्यांच्या जागी. बापाच्या नावानं दिलेला घास विष झाला, हे आईसमोर कोण बोलणार?

"शेतात फवारणी चालू आहे सगळीकडे," डॉक्टर म्हणाले. "कपाशीत गेला होता का? उंदराचं औषध ठेवलंय घरी?"

"उंदराचं हाये दुकानात," योगेंद्र घुटमळत म्हणाला.

डॉक्टर मान हलवून औषधाच्या कपाटाकडे वळले. वळताना त्यांचा पाय मला लागला. मी टेबलाखाली होते. मी खणखणले, चांगली जोरात. ते वाकले आणि मला उचललं. माझ्या काठाला खीर वाळून चिकटली होती आणि तिच्यात फुगलेल्या मनुका.

"या मनुका आहेत?" त्यांचा आवाज एकदम बदलला. "यानं मनुका खाल्ल्या?"

"मंग? मनुकाच हायेत त्या," शकुंतलाबाई ताठ मानेनं म्हणाल्या. "पित्तराची खीर हाये. वाईट काय हाये त्याच्यात? आमचं घर खाते."

"तुम्ही खा, आजी. माणसाला काही होत नाही. कुत्र्याला द्राक्षं आणि मनुका विष आहेत. किडनी बंद पडते. एखाद्याला पचतात, एखाद्याला मूठभर जीव घेतात, आधी सांगता येत नाही. मला फक्त एवढं सांगा, दोन-चार गेल्या की जास्त? आणि कधी? त्यावर ठरेल सगळं."

योगेंद्र खाली बघत होता. मी शकुंतलाबाईंकडे बघत होते. हिंगणघाटच्या दुकानापासून त्यांना ओळखते मी. चूक कबूल करणं त्यांच्या स्वभावात नाही. कढीत मीठ जास्त झालं तरी मिठाला दोष देतील.

"मी देल्ल्या," त्या म्हणाल्या. "दुपारी, माह्या हातानं. वाडगाभर खीर आन वरून मुठी भरभरून. याच्या मालकाच्या नावानं देल्ल्या, साहेब. त्याइचा हात धरला होता मी, म्हनून याले पोटभर देल्ल्या." आणि तिथंच बाकावर बसून हुंदके देऊन रडायला लागल्या.

डॉक्टरांनी वेळ घालवला नाही. उरलंसुरलं बाहेर काढायला इंजेक्शन दिलं, मग पोटात काळं औषध सोडलं, मग पायाला सलाइन. "आणखी उशीर झाला असता तर अवघड होतं," ते म्हणाले. "आणि फवारणीचं औषध धरून बसलो असतो, तर सगळी दिशाच चुकली असती." मुनीमचं रक्त तपासायला वर्ध्याला पाठवलं. पुढचे दोन-तीन दिवस सलाइन चालू ठेवायचं आणि लघवी होते की नाही ते बघायचं. लघवी झाली म्हणजे किडनी चालू.

मग सुरू झालं ते वाट बघणं. अहो, अख्खं घर एका कुत्र्याच्या लघवीसाठी देव पाण्यात घालून बसलं! योगेंद्र दुकानातून फोन करायचा, "झाली काय?" तानाबाई दारातून विचारायच्या, "झाली काय व?" त्यांनी लसणाचं नाव पुन्हा काढलं नाही, कारण डॉक्टरांनी रक्षाला सगळं समजावून सांगितलं होतं आणि रक्षानं ते घरी येऊन तानाबाईंना ऐकवलं होतं. कांदा-लसूण कच्चा असो की शिजलेला, कुत्र्याच्या अंगातलं रक्तच त्यानं नासतं.

शकुंतलाबाई दवाखाना उघडला की मुनीमला आणि मला घेऊन जायच्या आणि बंद झाला की परत आणायच्या. त्याच्या डोक्यावर हात ठेवून बसायच्या आणि डॉक्टर दिसले की प्रश्न.

"चाकलेट?"

"नको, आजी. जितकं काळं आणि कडू तितकं वाईट."

"चाहा त चालते ना? हा रोज बशीत पेते."

"चहा नाही, कॉफी नाही."

"आन त्या बिनसाखरेच्या गोळ्या? ह्याइच्या साखरेसाठी आनल्या होत्या, घरात पडून हायेत."

"त्या तर अजिबात नको. बिनसाखरेचं च्युइंगम, गोळ्या, त्यातल्या काहींत साखरेऐवजी एक पदार्थ घालतात, तो कुत्र्याला फार लवकर मारतो. फेकून द्या."

"अरे बाप्पा! मंग खाते काय हे बिचारं?"

डॉक्टर हसले. "भाकर खाऊ द्या, भात खाऊ द्या, उकडलेलं अंडं द्या. बिनमसाल्याचं."

आणि एका सकाळी, दवाखान्याच्या पायरीवरच, योगेंद्रच्या छोट्या हत्तीच्या चाकापाशी मुनीम लटपटत उभा राहिला, पाय वर केला आणि बराच वेळ तसाच राहिला. शकुंतलाबाईंनी भर रस्त्यात हात जोडले. योगेंद्र म्हणाला, "आई, माह्या नव्या टायरवर केली ना त्यानं!" त्या म्हणाल्या, "चूप राह्य! दुसऱ्याही टायरवर करू दे त्याले." वर्ध्याचा रिपोर्ट आला तोही बरा आला.

आता तुम्हाला एक सांगते, राग मानू नका. तुमच्या घरामागेही माझ्यासारखी एखादी परात, एखादं फुटकं भगुणं असेल. त्यात तुम्ही काय टाकता, ते कधी थांबून बघता? कांद्याचा झुणका उरला, टाक. वाढदिवसाचा चॉकलेटचा केक उरला, टाक. आंबट द्राक्षं कुणी खाईना, टाक. 'कुत्रं काय, काहीही पचवते,' असं म्हणत टाकता. नाही पचवत हो! माझ्यात वर्षानुवर्षं हे सगळं पडलं आणि मुनीम जगला, म्हणून या घराला वाटलं त्याला सगळं चालतं. थोडं थोडं पडलं, कधीतरी पडलं, म्हणून निभावलं. आणि मनुका त्याला कधी मिळाल्याच नाहीत, कारण नानाजींसारखा चिक्कू मालक त्याला लाभला. तुमच्या कुत्र्याला तसा लाभलेला नसेल, तर तुम्हीच जपा. प्रेम उतू चाललं तर पाठीवरून हात फिरवा. आणि काही चुकून गेलंच पोटात, तर लाजू नका, लपवू नका, जे खाल्लं ते डॉक्टरला सांगा. शकुंतलाबाईंना जमलं, तुम्हालाही जमेल.

आज पुन्हा नानाजींची तिथी होती. सकाळी खीर झाली, मनुका घालूनच झाली, आणि पान गच्चीवर गेलं. तानाबाई आल्या होत्याच. कावळ्याला उशीर झाला तशी त्यांची चुळबुळ सुरू झाली. मुनीम माझ्याजवळ येऊन बसला होता. शकुंतलाबाई त्याच्यासाठी माझ्यात भाकर कुस्करत होत्या, वर थोडं ताक.

"वहिनी, आजच्या दिवशी साधी भाकर?" तानाबाईंना राहवेना. "एक मनुका त टाका. एकीनं काय होते? नानाजी काय म्हनतीन, मेल्यावरही माह्या बायकोनं माह्या तोंडचं काढून घेतलं!"

मला वाटलं, आता या पुन्हा रडणार. नाही रडल्या. हाताला लागलेली भाकर माझ्या काठाला पुसली आणि म्हणाल्या,

"म्हनू दे ना. त्याइच्या हातातून डबी काढली ते जगले पायजे म्हनून काढली होती, तानाबाई. वर्षभर मले वाटलं का मी पाप केलं. आता याच्या तोंडचं काढून राह्यली, त हा जगून राह्यला. मंग तेव्हा मी काय वेगळं केलं होतं?"

मुनीम उठला आणि त्यानं भाकरीत तोंड घातलं. तेवढ्यात गच्चीवरून योगेंद्र ओरडला, रक्षा धावत बाहेर आली, बाकी सगळ्यांच्या माना वर गेल्या. कावळ्यानं पान शिवलं की नाही, ते मला विचारू नका. मुनीम जेवत होता आणि मला त्याच्या कानांपलीकडचं काही दिसत नव्हतं. शकुंतलाबाईंनीही वर पाहिलं नाही. त्या माझ्याजवळ उकिडव्या बसून तो शेवटचा घास संपवतो की नाही, ते बघत होत्या.